नानाची गुळवेल

"म्हणे गुळवेलीने लिव्हर बिघडतं! डॉक्टरांच्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही!" नानाने चहाचा ग्लास आपटला. मांडीवर पिशवी, पिशवीत गुळवेलीच्या हिरव्या दांड्या. कुणाच्या कुंपणावरून आणल्या, ते नानाला विचारायचं नसतं.

"दुखलं ते पेशंटच्या," मेडिकलवाला मंग्या म्हणाला. "२०२१ला मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटांची माहिती छापली. कोविडात गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेले."

"आयुष मंत्रालयवाल्यांनी खोडलं की ते! दुसरीच वेल असणार म्हणाले. तिला गाठी असतात."

"मग पुढच्या वर्षी तेरा हॉस्पिटलांतून ४३ आले, ते?"

नाना ऐकू न आल्यासारखं करतो तेव्हा कान खाजवतो. आत्ताही खाजवला. "अरे, अमृता म्हणतात तिला! तोडून फेकली तरी लोंबत्या मुळांवर जगते. आणि नैसर्गिक आहे."

"बिब्बाही नैसर्गिकच. लाव गालाला."

बाळ्या मध्ये पडला. त्याची आजी तापात गुळवेलीचा काढा द्यायची, कुणाचं काही बिघडलं नाही. मंग्याने मान डोलावली. "आजी ताप उतरेपर्यंत द्यायची. हा चार वर्षं रोज ढोसतोय. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्याच लिव्हरवर उठायला टपलेली असते, त्यांना ही आणखी चिथावते. थायरॉईडवाल्यांनी तर विचारूनच घ्यावी. नाना, तुझी गोळी कितीची?"

"तुला काय करायचंय?"

"दर महिन्याला मीच देतो, म्हणून."

"तू कालबाह्य खोकल्याचं औषधही दिलं होतंस मला!"

"आणि तू मला रन आऊट केलं होतंस. 'ये ये' म्हणून मधेच परत फिरलास!"

इथून अर्धा तास गल्लीची ती फायनल झाली. मग बाळ्याने एक दांडी सुरीने आडवी कापली. वरची पापुद्र्यासारखी साल सुटली, आत सायकलच्या चाकासारख्या आऱ्या. आता सालीवरचे हे बारीक फोड म्हणजे गाठी की नुसते ठिपके? पाच जणांची पाच मतं. नाना म्हणाला, चाखून सांगतो.

"दोन्ही कडूच असतात रे," मंग्या म्हणाला.

तोपर्यंत नानाने तुकडा चावला होता. तोंड असं झालं की टपरीवाल्याने न सांगता चहात दोन चमचे साखर जास्त घातली आणि वहीत मांडली. नानाची उधारी पाहून मंग्या म्हणाला, "हीसुद्धा तोडली तरी वाढतेच!"

सगळ्यात मोठ्याने नानाच हसला. पैसे मात्र बाळ्याने दिले.