महाराज पाठीमागं बसलेत

हेडफोन लावून बसलेल्या माणसाला आमच्या घरात कामं जरा जास्तच सांगितली जातात. "ऐकू येतंय का?" हा प्रश्न त्याला ऐकू जाणार नाही याची खात्री करूनच विचारतात आणि मग तेवढ्यावरून भांडण काढतात. परभणीतल्या अशा घरात मी ती डबी विकत आणली.

डबी काडेपेटीएवढी. एका बाजूची वायर मोबाईलला, दुसऱ्या बाजूला हेडफोन. सात स्पीकर आणि एक धडधडणारा सबवूफर, असा ७.१ चा थेटरातला सगळा थाट ती दोन कानांतच उभा करते म्हणे. खरी आठ खोकी आमच्या दोन खोल्यांत मांडायची तर आम्हा माणसांना गच्चीवर मुक्कामाला जावं लागेल.

पण तिला आधी तुमचे कान बघायचे असतात. कारण असं की डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला अगदीच थोडा उशिरा पोचतो, फार तर ०.७ मिलिसेकंद. तेवढ्यावरून मेंदू बाजू ओळखतो. आवाज नाकासमोरून किंवा पाठीमागून आला, तर मात्र तो दोन्ही कानांवर एकदमच आदळतो. तिथं निवाडा करतात कानाच्या पाळीवरच्या घड्या. आणि त्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. देवानं ही सोय कशासाठी केली असेल ती असो, डबीच्या ॲपला कानाचा फोटो लागतो.

फोटो काढायला बायको. "अहो, मान हलवू नका. नका म्हणलं ना!" एकदा उजेड कमी, एकदा कानापेक्षा दाढीच जास्त. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या.

"भाऊजींच्या कानाला काय झालं गं?"

"काही नाही. फोटो काढायलेय."

"दवाखान्यात पाठवायला?"

"नाही, सिनेमा ऐकायला."

काकू विरजण न घेताच गेल्या.

सिनेमा मी ऐकला. हेलिकॉप्टर खरोखर डोक्यावरून गेलं, हे मान्य. पण मे महिन्यात परभणीचा पारा त्रेचाळीसवर असताना रेग्झिनच्या दोन वाट्या कानावर दाबून बसणं म्हणजे कान वाफवणंच. पुन्हा कूलर चालू. पडद्यावरचा पाऊस कुठं संपतो आणि कूलरचा कुठं सुरू होतो, हे कोणत्याही घडीला कळेना. आणि लाईट गेली की कूलर थांबतो, माझा वरचा सूर तेवढा चालूच राहतो. एवढंसं "पाणी दे गं" सबंध गल्लीला जातं.

खरी गंमत अण्णांनी केली. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी. आकाशवाणी परभणी त्यांनी जन्मभर ट्रान्झिस्टरच्या एका स्पीकरवर ऐकली. दुसरा स्पीकर हा त्यांच्या मते उधळेपणा. तरी एका दुपारी म्हणाले, "बघू तुझं ते. कीर्तन लाव."

आधी डबी बंद ठेवूनच लावलं. अण्णांनी डोळे मिटले. "महाराज टाळूखाली बसलेत," म्हणाले. बरोबरच होतं, साध्या हेडफोनमधला आवाज डोक्याच्या आतच घुमतो. मग मी डबीचं बटण दाबलं. अण्णांनी खाडकन डोळे उघडले.

"गेले की बाहेर!"

"कुठं बसलेत?"

अण्णांनी मान वळवून मागं बघितलं. मागं भिंत, भिंतीवर कॅलेंडर. "पाठीमागं. टाळ डावीकडं, पखवाज उजवीकडं, आन् महाराज पाठीमागून बोलायलेत."

महाराजांकडं पाठ करून बसणं अण्णांच्या तत्त्वात बसत नाही. उठून त्यांनी खुर्ची फिरवली. कॅलेंडरकडं तोंड करून बसले आणि लगेच म्हणाले, "आरं, महाराजबी फिरले!" फिरणारच. डोकं वळलं की हेडफोन वळतो, हेडफोनबरोबर सगळा मांडव वळतो. डोकं कुठं वळलं ते ओळखणारी यंत्रं असतात, पण ती आमच्या ऐपतीच्या पलीकडची. हे मी समजावून सांगेपर्यंत अण्णांनी खुर्ची अजून फिरवली होती. मग अजून. वायर गळ्याभोवती, मोबाईल स्टुलाच्या कडेला. आई पोळ्या सोडून दारात आली. "माय! ह्ये कोणाला प्रदक्षिणा घालायलेत?"

दोष अण्णांचा नव्हता. डबीत घड्या माझ्या कानाच्या आणि ऐकत होते अण्णा. दुसऱ्याच्या कानांनी ऐकलं की पुढचं मागं जातं, हे या विद्येत सर्वांना ठाऊक आहे. आईला मी ते सांगितलं, तर ती म्हणाली, "मग कसं जमंल? त्यानं कान आजोळचे घेतलेत." अण्णांना हे कीर्तनापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू आलं.

मग अण्णांच्या कानाचा फोटो. त्यांच्या कानांवर पांढऱ्या केसांचं भरघोस पीक आहे. ॲपनं बराच विचार केला आणि लिहिलं, 'कान सापडला नाही.' अण्णांनी दोनदा वाचून खात्री केली. मी भीत भीत कात्रीचं नाव काढलं. "खबरदार! कानावरचे केस भाग्याचे असतात," अण्णा गरजले. भाग्य नेमकं कधी येणार, हे आईनं तिथल्या तिथंच विचारलं.

गुरुजी माणूस, उत्तर चुकलं तर रीत बदलून बघणारच. त्यांनी हेडफोन उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर.

"आता?"

"टाळकरी आन् पखवाजी जागा बदलून बसले. महाराज तिथंच."

शेवटी त्यांनी स्वतःच बटण दाबून डबी बंद केली. "असू दे. टाळूखालीच बरे. तिथं निदान पाठ तर होत नाही." मग डोळे मिटता मिटता म्हणाले, "आन् आवाज वाढव जरा, कूलर लई वरडायलाय."