गुडघे बदलू नका म्हणणाऱ्या त्या मेसेजला एकदाचं उत्तर

गुडघे बदलायच्या ऑपरेशनबद्दलचा तो मेसेज परत सगळ्या ग्रुपवर फिरायला लागलाय. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी उकरून काढतंच. शब्द इकडचे तिकडे होतात पण मुद्दे तेच, की गुडघा बदलला की माणूस कायमचा अधू होतो, डॉक्टर एक्स-रे बघून ऑपरेशन सक्सेसफुल म्हणून मोकळे होतात, नंतर पेशंटला कुणी विचारत नाही, अटलजींचं काय झालं बघा, बसवलेला सांधा दहा वर्षांत बाद होतो, मांडी घालता येत नाही, सगळा पैशांचा खेळ आहे, आणि शेवटी उपाय म्हणून बाभळीच्या शेंगांची पावडर, तिने म्हणे गुडघ्यातलं संपलेलं ग्रीस परत तयार होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन झालेले आणि टाळलेले दोन्ही पेशंट रोज बघते, आणि असले मेसेज वाचून दुखणं अंगावर काढत बसलेली माणसंही बघते, म्हणून एकेक मुद्दा घेतेच आता.

"पेशंटला कुणी विचारतच नाही"

हे आधी घेते कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे, आणि हे साफ चुकीचं आहे. १९९८ साली ऑक्सफर्डमधल्या लोकांनी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली काढली, ऑक्सफर्ड नी स्कोअर. ती पेशंटने स्वतः भरायची, डॉक्टरने नाही. प्रश्न कसले तर रात्री अंथरुणात गुडघा दुखतो का, जेवून झाल्यावर खुर्चीतून उठताना किती त्रास होतो, गाडीत किंवा बसमधे चढता-उतरता येतं का, घरचं सामान एकटं जाऊन आणता येतं का, जिना उतरता येतो का, चालताना गुडघा अचानक दगा देईल असं वाटतं का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार मार्क, एकूण ४८, जितके जास्त तितकं बरं. यात एक्स-रेचा एकही प्रश्न नाही!

एप्रिल २००९ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत गुडघा किंवा खुबा बदलणाऱ्या पेशंटला हा असा फॉर्म ऑपरेशनच्या आधी आणि मग साधारण सहा महिन्यांनी परत दिला जातो. तिथले आकडे वर्षानुवर्षं जवळपास सारखे येतात, गुडघ्याचा स्कोअर सरासरी १६-१७ मार्कांनी वर जातो आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचा स्कोअर आधीपेक्षा सुधारलेला असतो. आता दुसरी बाजूही सांगते, त्याच लोकांना जेव्हा विचारतात की एकूण तब्येत शून्य ते शंभरमधे आज कुठे आहे, तेव्हा आधीपेक्षा जास्त आकडा देणारे साधारण साठ टक्क्यांच्या आसपासच असतात. कारण गुडघा सुधारला तरी कंबर, शुगर, एकटेपणा हे सगळं आहे तिथेच असतं. हे नातेवाइकांनी फार नीट समजून घ्यायला हवं, आईचा गुडघा बदलला म्हणजे आई वीस वर्षांनी तरुण होणार नाही.

आणि कुणाला वाटत असेल की असे अभ्यास सर्जनच्या सोयीचेच निघतात, तर २००२ चा अमेरिकेतला ह्यूस्टनचा अभ्यास बघा. गुडघ्याची झीज झालेल्या १८० जणांचे गट पाडले, काहींची दुर्बिणीतून खरी साफसफाई केली, आणि काहींच्या गुडघ्याला नुसते वरवर छेद देऊन टाके घातले, कुणाला काय केलंय ते पेशंटला माहीत नाही. पुढची दोन वर्षं त्यांना वेदना आणि चालण्याबद्दल विचारत राहिले. फरक काहीच नाही! खोट्या ऑपरेशनवालेही तितकेच बरे होते. झिजलेला गुडघा दुर्बिणीने धुऊन काढण्याच्या पद्धतीला त्यातून मोठा धक्का बसला. पेशंटला विचारल्यामुळेच हे कळलं.

"अटलजींचं काय झालं बघा"

वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मधे आणि उजवा जून २००१ मधे बदलला, मुंबईत ब्रीच कँडीला. त्यानंतर साधारण सव्वा महिन्यात, जुलै २००१ ला, ते आग्र्याला मुशर्रफ यांच्याबरोबर शिखर परिषदेत होते, २००३ ला चीनचा दौरा केला, मे २००४ पर्यंत पंतप्रधान होते. चाल संथ होती हे खरंच आहे. पण ते लोकांपासून पूर्ण दूर गेले ते २००९ मधे पक्षाघाताचा झटका आल्यावर, त्याचा गुडघ्याशी संबंध नाही. गेलेल्या माणसाच्या आजारपणाचा असा वापर करू नये एवढंच म्हणते.

"ऑपरेशन केलेले सगळे पस्तावतात"

सगळे नाही, पण पाचातला एक जण खरंच नाराज असतो, आणि हे डॉक्टरांनीच शोधून छापलंय. कॅनडात ओंटारियोमधे १७०३ पेशंटना वर्षभरानंतर विचारलं तेव्हा १९ टक्के लोक समाधानी नव्हते. २०१२ मधे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला त्यात गुडघा बदलल्यावरही बरंच दुखत राहणाऱ्यांचं प्रमाण १० ते ३४ टक्के निघालं. हे प्रमाण लहान नाही, आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटला हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे, जो डॉक्टर शंभर टक्के गॅरंटी देतो त्याच्यापासून जरा लांबच राहा.

पण मेसेजवाल्याने या पाचातल्या एकालाच पकडलं आणि बाकी चौघांना गायब केलं. आणि तो एक जण नाराज का हे विचारायचीही तसदी घेतली नाही. कॅनडाच्या त्याच अभ्यासात नाराजीशी सगळ्यात जास्त संबंध दिसला तो अपेक्षा पूर्ण न होण्याचा, ज्यांच्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत त्यांच्यात नाराज व्हायची शक्यता दहापटीहून जास्त. शिवाय ज्यांची झीज मुळात कमी होती, ज्यांना कंबरेचंही दुखणं होतं, जे आधीपासून खूप चिंतेत किंवा निराश होते, अशांना फायदा कमी होतो असंही परत परत दिसलंय. म्हणजे कुणाला कितपत उपयोग होईल याचा थोडाफार अंदाज आधी बांधता येतो. सरसकट करा हेही चूक आणि सरसकट करू नका हेही चूकच.

"दहा वर्षांत सांधा बाद"

नाही. २०१९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सांधे बदललेल्यांच्या मोठ्या राष्ट्रीय नोंदींवरून हिशोब आला, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. वयाचा मात्र फरक पडतो. सत्तरीनंतर केलं तर पुढे आयुष्यात परत ऑपरेशन लागायची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास, पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांमधे ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. पन्नाशीत घाई करू नका असं आम्ही का सांगतो ते यावरून कळेल.

"मांडी घालता येत नाही"

यात तथ्य आहे. या एका मुद्द्यावर मेसेज सगळ्यात जास्त खरा आहे आणि मला स्वतःला याची फार खंत वाटते. त्या ऑक्सफर्डच्या बारा प्रश्नांत गुडघे टेकून परत उठता येतं का हे आहे, पण मांडी घालून जेवता येतं का, उकिडवं बसता येतं का, देशी संडासात बसता येतं का यातलं काहीच नाही, कारण प्रश्न काढणाऱ्यांच्या घरात कुणी जमिनीवर बसत नव्हतं. त्यामुळे ४८ पैकी ४२ मार्क पडलेली आपली आजी कागदावर एकदम छान असते आणि घरी खट्टू असते.

एक काकू माझ्याकडे यायच्या व्यायामाला, गुडघा ११० अंशांपर्यंत छान वाकत होता, रात्रीची झोप लागत होती, भाजी आणायला एकट्या जात होत्या, पण चेहरा कायम उतरलेला. बरेच दिवस नीट बोलल्याच नाहीत, मग एकदा वाकवण्याचा व्यायाम करता करता म्हणाल्या, "अगं, सगळं येतंय, पण हळदीकुंकवाला सगळ्या खाली सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीवर, पाहुण्यासारखी." त्यांना हे ऑपरेशनच्या आधी कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी केलंच असतं असं त्या स्वतः म्हणाल्या, कारण आधीही त्या दोन-तीन वर्षं खाली बसू शकत नव्हत्याच आणि वर रात्रभर जाग्या असायच्या. पण मनाची तयारी झाली असती ना.

तर बहुतेकांना ऑपरेशननंतर मांडी आणि उकिडवं बसणं जमत नाही किंवा करू नका असं सांगतात, कमोड लागतो, पूजेला पाट सोडून खुर्ची घ्यावी लागते. हे तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे ते तुम्हीच ठरवा. पण तुलना करताना पंचविशीतल्या गुडघ्याशी करू नका, आज जो गुडघा आहे त्याच्याशी करा.

"बाभळीच्या शेंगांनी ग्रीस परत येतं"

गुडघ्यात ग्रीस नसतं. हाडांच्या टोकांवर कूर्चा म्हणजे गुळगुळीत, लवचिक थर असतो आणि सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. झिजते ती कूर्चा, आणि तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे ती झीज आपोआप भरून येत नाही. पावडरने ती परत उगवते असं दाखवणारा पुरावा नाही.

राग यायचं कारण हे की ऑपरेशन टाळायचा खरा मार्ग आहे, आणि तो या मेसेजमधे कुठेच नाही. डेन्मार्कमधे २०१५ ला छापून आलेला अभ्यास बघा. ऑपरेशनच्या लायक ठरलेले १०० पेशंट घेतले, निम्म्यांचा गुडघा बदलला आणि वर बिनऑपरेशनचा उपचारही दिला, निम्म्यांना नुसता तो बिनऑपरेशनचा उपचार, म्हणजे १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम, वजनासाठी आहार, बुटातले सोल, गरजेपुरती औषधं, आणि गुडघ्याबद्दल नीट माहिती. वर्षानंतर पेशंटनी स्वतः दिलेल्या मार्कांत ऑपरेशनवाले १०० पैकी ३२ मार्कांनी सुधारले आणि बिनऑपरेशनवाले १६ मार्कांनी. म्हणजे ऑपरेशनचा फायदा दुप्पट. पण गंभीर त्रास, रक्ताची गुठळी, गुडघा आखडणं वगैरे, ऑपरेशनच्या गटात २४ आणि दुसऱ्या गटात ६. आणि दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १३ जणांनीच त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांनी नाही.

तेव्हा आधी तीन महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मन लावून करा, वजन जास्त असेल तर उतरवा, एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. त्यानेही रात्रीची झोप येत नसेल तर मग ऑपरेशनचं बोला. पावडर खात वर्षं घालवली की स्नायू वाळतात, गुडघा आखडतो, आणि मग ऑपरेशन केलं तरी फायदा कमी मिळतो, हे मी डोळ्यांनी बघते आणि जीव तुटतो.

"सगळा पैशांचा खेळ"

ऑगस्ट २०१७ मधे सरकारने सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमी वापरतात तो कोबाल्ट क्रोमियम या मिश्रधातूचा जोड जो दीड लाखाच्या वर विकला जायचा तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. हॉस्पिटलचं बाकीचं बिल वेगळं, ते कुठे किती लावतात याचा ताळमेळ नाही हे मान्यच आहे, आणि गरज नसताना कुणी सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला जरूर दाखवा.

पण पैशांबद्दल राग असेल तर मागणी योग्य ती करा. इंग्लंडसारखं दर पेशंटला आधी आणि सहा महिन्यांनी विचारायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे नाही, काही सर्जन आपणहून करतात, बरेच करत नाहीत. म्हणून ऑपरेशन ठरवायच्या आधी सरळ विचारा, डॉक्टर, तुमच्याकडे केलेल्यांना सहा महिन्यांनी तुम्ही काय विचारता, त्यातले किती जण खूश असतात, आणि माझं जमिनीवर बसणं, जिने, संडास यातलं नेमकं काय जमेल. उत्तर लिहून घ्या, घरच्या कुणालातरी सोबत न्या. जे डॉक्टर हे रेकॉर्ड ठेवतात ते आनंदाने दाखवतात.