बोट मागून वाजतंय

मूठ वळली की माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट कट्ट वाजायचं आणि कळ थेट कोपरापर्यंत जायची. आमच्या गिरगावच्या चाळीत दुखणं खासगी राहत नाही. समोरच्या काकूंनी एरंडेल दिलं. तळमजल्यावरच्या अण्णांनी मोबाइलला दोष दिला (त्यांच्या मते सामाईक नळ गळतो तोही मोबाइलमुळेच). लोकलमध्ये कडी धरताना बोट वाजलं, तर एक अनोळखी गृहस्थ म्हणाले, "ट्रिगर फिंगर. आमच्या मिसेसना होतं. शुगर तपासा."

ते अगदीच हवेत बोलत नव्हते. मधुमेहवाल्यांना हा विकार जास्त गाठतो. माझी शुगर मात्र नॉर्मल आली.

हाताच्या डॉक्टरांनी तळहातावर, बोटाच्या मुळाशी दाबलं. ट्रिगर फिंगर असेल तर दुखतं तिथे; बोट वाकवणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) एका अरुंद पट्ट्याखाली अडकतो. मला काहीच होईना. मग त्यांनी हात उलटा केला. "वळा मूठ." कट्ट! मुठीच्या उंचवट्यावरचा, बोट सरळ करणारा टेंडन सटकन अनामिकेच्या बाजूच्या खळग्यात उतरला. पुन्हा बोट सरळ करायला गेलो तर होईना. त्यांनी ते हाताने सरळ करून दिलं, तर मुकाट तसंच राहिलं. डॉक्टर खूश!

"टेंडनला जागेवर धरणारा सॅजिटल बँड फाटलाय. मारामारी केलीत?"

"छे हो. मंडळाची कॅरम स्पर्धा."

"स्ट्रायकर याच बोटाने मारता?"

नुसत्या टिचकीनेही हा बँड फाटतो म्हणे. बॉक्सरांनाही हेच होतं. ऑफिसात कोणतं कारण सांगायचं, ते मी तिथेच ठरवून टाकलं.

सोनोग्राफीत पुन्हा मूठ वळ, उघड, वळ. टेंडन घसरतो तो बोट हलतानाच दिसतो. एक्स-रेसुद्धा काढला, कारण हाडाच्या टोकाला लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) अडकून किंवा सांध्यात हाडाचा सुटा तुकडा फिरूनही बोट असं अडतं. कुणाला टेंडनच्या आवरणातली गाठ निघते, कुणाचा टेंडन जुन्या जखमेत अर्धवट कापलेला असतो. डॉक्टर हे इतक्या चवीने सांगत होते, की आपलं दुखणं अगदीच किरकोळ निघालं याची मला लाजच वाटली.

आता काही आठवडे स्प्लिंट. त्यात मधलं बोट बाकीच्यांपेक्षा जरा वरच राहतं. टॅक्सीवाले तसेही थांबत नाहीत. आता हात केला की काच खाली करून काहीतरी बोलून जातात.