‘एमआरआय नॉर्मल, मग फिट कसली?’

निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरून तो मेसेज शेवटी आमच्या मावशीच्या फोनवर आलाच. म्हणे एमआरआय नॉर्मल आला तर फिट मेंदूची नाही, गोळ्या बंद करा. एमआरआयच्या रेडिएशननं फिट वाढते. ऑपरेशन केलं की माणूस वेडा होतो. आणि फिट आली की कांदा हुंगवा. नातवाला तपासणीसाठी बेंगळूरला न्यायचं ठरलं होतं. आता घरात ‘कशाला जायचं?’ सुरू झालंय.

कांदा भाजीत घाला. पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा. रेडिएशन म्हणाल तर एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच; चुंबक आणि रेडिओ लहरी असतात.

खरा घात पहिल्या वाक्यात आहे. फिट हा मेंदूतल्या विजेचा घोटाळा, एमआरआय दाखवतो मेंदूची ठेवण. ठेवण ठीक दिसली म्हणून वीज ठीक असं कुणी सांगितलं? शिवाय साध्या एमआरआयचे काप जाड असतात. आकसलेला हिप्पोकॅम्पस (आठवणी सांभाळणारा मेंदूचा भाग) किंवा मेंदूचा जन्मतःच बिघडलेला इवलासा थर त्यात निसटतो. ऑपरेशनचा विचार असेल तर फिटसाठीचा वेगळा, बारीक कापांचा एमआरआय काढतात, व्हिडिओ ईईजी करतात, म्हणजे झटक्याचं चित्रण आणि मेंदूतल्या विजेची नोंद एकाच वेळी. तरीही फिट सुरू होते ती जागा सापडली नाही तर पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारी तपासणी: दोन फिटांच्या मधल्या काळात तो भाग ग्लुकोज कमी घेतो, तेवढ्यावरून माग लागू शकतो. आणि गोळ्या एकदम सोडल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते, जिवावर बेतते. हे मेसेजवाल्याला कोण सांगणार?

एक मान्य करतो, नाइलाजानं. काहींचे झटके खरंच अपस्माराचे, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या फिटचे, नसतात. पण ते व्हिडिओ ईईजीनं ठरतं, एमआरआयच्या रिपोर्टवरून नाही. आणि एमआरआयवर डाग दिसला तर ऑपरेशनला यश जास्त येतं, हेही खरं.

ऑपरेशननं खरंच काय होतं, ते दिल्लीच्या एम्सनं 2017 साली एका अभ्यासात दाखवलंय. औषधांना दाद न देणारी 116 मुलं. वर्षभरानं ऑपरेशन झालेल्यांपैकी 77 टक्के फिटमुक्त, नुसत्या औषधांवरची 7 टक्के. फुकट नाही मिळालं ते: ऑपरेशन झालेल्या 57 पैकी 19 जणांना गंभीर त्रास झाला, त्यात बहुतेकांची एक बाजू कमजोर पडली. हे घरच्यांना आधी सांगायलाच हवं. ऑपरेशनही सगळ्यांचं नसतं. नीट निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसात फसली की मग विचार होतो.

मावशी, बेंगळूरला जाताना नुसता रिपोर्टाचा कागद नको, एमआरआयची सीडी घे. गोळ्या चालूच ठेव.