रायफल असताना कुत्रं कशाला? राधानगरीच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी उठून परत वाचली. चिडून लिहिलंय, पण मुद्दे नेमके आहेत. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळी होत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: गेल्या एप्रिलमध्ये मी न्यूझीलंडला, ओटागो भागात, भावाकडे महिनाभर होते. तो मेंढ्यांच्या फार्मवर कामाला आहे. तिथं संध्याकाळी पॉइंट टू टू, म्हणजे बारक्या गोळीच्या, रायफलीनं ससे मारायचे आणि त्याच्या अकरा महिन्यांच्या काळ्या लॅब्रडॉरला, बुक्काला, पडलेला ससा उचलून आणायला शिकवायचं, यावर मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की ससा कायद्यानं संरक्षित असताना कोल्हापूरच्या बाईनं हे कौतुकानं लिहिणं बेजबाबदारपणाचं आहे, इथली पोरं वाचून बॅटऱ्या घेऊन रानात जातील. शिवाय मी ओघात संस्थानी शिकारीचा उल्लेख केला, तोही त्यांना खटकला. आणि शेवटी त्यांच्याच शब्दांत: "रायफलीनं ससा जागच्या जागी पडतो म्हणता, मग कुत्रं कशाला? त्या पिल्लाला रक्ताची चटक लावायलाच ना?"

काका, पोरांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे आणि ते माझ्या लेखात नव्हतं ही माझी चूक. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात शिकार म्हणजे फक्त बंदुकीचा बार नव्हे. वाघूर म्हणजे जाळं लावणं, फासे टाकणं, हाका घालणं, कुत्री मागं सोडणं, आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच. हे आज सकाळी मूळ लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात घातलंय. मी करवीर तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यातली आहे. तोड शेवटच्या चार सरींवर आली की बांधावर काठ्या आणि कुत्री घेऊन कोण उभं राहतं ते लहानपणापासून बघत आलेय. चारी बाजूंनी आरडाओरडा, मधे एवढासा जीव, ज्या बाजूला पळेल तिकडून कुत्रं. ससेहोलपट हा शब्द आपल्या भाषेत कशानं आला ते त्या बांधावर समजतं. मला त्या गर्दीत कुणी धरलं तर वाईट वाटेल, म्हणून हे स्पष्ट लिहितेय.

पण तिथला ससा आणि आपला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि मराठीत दोघांना एकच शब्द असल्यानं माझ्या लेखाचा घोळ झाला. आपला माळावरचा ससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दबून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडलेली, अंगावर लव असलेली. त्याला खायला कोल्हा आहे, रानमांजर आहे, गरुड आहे, घुबड आहे. तो या रानाच्या हिशोबातला आहे. ओटागोतला ससा युरोपातून गोऱ्या वसाहतवाल्यांनी नेलेला, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीबंब आणि आंधळी जन्मतात, मादी व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, आणि महिनाभरात पुढची वीण तयार. त्या देशात मुळात जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी नव्हताच, वटवाघळं सोडली तर. म्हणजे सशाला आवर घालणारं फारसं कुणी नाही. १८८० च्या दशकात सशांवर उपाय म्हणून स्टोट आणि फेरेट हे मुंगसासारखे लांबोडके शिकारी प्राणी सोडले, तर त्यांनी तिथले न उडणारे पक्षी संपवत आणले. १९९७ मध्ये सशांचा एक जीवघेणा विषाणू बेकायदा देशात आला आणि शेतकऱ्यांनीच तो रानोमाळ पसरवला. तरीही ससे आहेतच. भाऊ म्हणतो दहा ससे एका मेंढीएवढं गवत खातात. मी डोळ्यांनी बघितलेला उतार असा होता की गवताचं नाव नाही, नुसती माती आणि बिळं, आणि जिथं तिथं रानटी थाइम. पाय पडला की ओव्यासारखा वास येतो.

आता कुत्र्याचं. या प्रश्नावर मी जास्त थांबणार आहे, कारण तो मला लागला.

रायफलीची गोळी एकच असते. बारा बोअरच्या बंदुकीतल्या छऱ्यांसारखी पसरत नाही. म्हणून बसलेल्या सशाच्या डोक्यावर नेम धरायचा, मागं मातीचा उतार असेल तरच चाप ओढायचा, कारण पॉइंट टू टूची गोळी दगडावरून उसळून कुठंही जाते. आवाजाहून कमी वेगाचं काडतूस आणि नळीला सायलेन्सर, त्यामुळं कुत्र्याला फक्त "थप्" ऐकू येतं. माझ्याकडं तिथला परवाना नव्हता, म्हणून परवानाधारक भाऊ प्रत्येक वेळी माझ्या खांद्याशी बसलेला असायचा. हे सगळं नीट झालं तर ससा जागेवर पडतो.

नीट नाही झालं तर? मी नेमबाजीच्या रेंजवर वाढलेली बाई आहे. तुमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीच्या ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्यातल्या पन्नास मीटरवरच्या निशाणाच्या कागदावर मधलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. आपल्या बोराहूनही लहान. पण तो कागद पन्नास मीटरवरच असतो, एक वीत पुढं-मागं नाही. डोंगरावर अंतर कुणी लिहून ठेवत नाही. चौथ्या संध्याकाळी मी सत्तर मीटर हे पन्नास धरलं. गोळी तीन-चार बोटं खाली गेली, सशाच्या पुढच्या पायाला लागली आणि तो फरपटत बिळाकडं निघाला. अंधार पडत होता. भावाची जुनी कुत्री, नऊ वर्षांची, सोडली. तिनं बिळाच्या तोंडाशी त्याला धरून आणला आणि भावानं तिथंच संपवला. कुत्री नसती तर तो ससा बिळात दोन दिवस मरत पडला असता, आणि मी घरी जाऊन जेवले असते. कुत्रं याच्यासाठी असतं, काका. माझ्या चुकीसाठी.

आणि त्या वेळी बुक्का काय करत होता ते सांगते, कारण तुमचा प्रश्न त्याच्याबद्दल होता. तो पट्ट्यात माझ्या डाव्या बाजूला बसून होता. त्याला सोडला नाही. जिवंत ससा लाथा मारतो, ओरबाडतो, मग कोवळं कुत्रं घाबरून नाहीतर चिडून जबडा आवळतं आणि जन्मभर आवळत राहतं. म्हणून त्याची सुरुवात रक्तानं होतच नाही. आधी कित्येक महिने भुसा भरलेली कॅनव्हासची डमी. मग तिला सशाचं वाळलेलं कातडं गुंडाळून. मग सकाळी मारलेला, पार थंड झालेला ससा. पहिल्या आठवड्यात आम्ही चौदा ससे मारले, बुक्कानं एकही आणला नाही. समोर ससे पळताहेत, एक लोळतोय, आणि आपण बसून राहायचं, हाच त्याचा धडा. भाऊ स्वतः चालत जाऊन ससे उचलायचा.

पंधरावा मात्र त्याला दिला. रायफलीचा बोल्ट उघडला, काडतूस बाहेर काढलं, ससा निपचित पडलाय याची खात्री केली, मगच भाऊ त्याचं नाव घेऊन "जा" म्हणाला. तो गेला, आधी पुढंच निघून गेला, वास लागल्यावर गर्रकन वळला. एकदा उचलला तो मागच्या पायाला. खाली ठेवला, पुन्हा मधोमध धरला, मान वर करून आला आणि भावासमोर बसला. भावानं हिसकावला नाही. हात खाली धरला आणि तोंड सुटायची वाट बघितली. मग ससा माझ्या हातात देऊन म्हणाला, बरगड्या चाचप. केसांखाली बोटं घालून मोजावं तसं चाचपलं. दोन्ही बाजूंना एकही बरगडी मोडलेली नव्हती. तासाभरापूर्वी याच कुत्र्यानं माझी चप्पल चावून काढली होती. रक्ताची चटक म्हणता, तर बुक्कानं सशाचा तुकडाही खाल्ला नाही. त्याला त्याचं कोरडं खाणं. ससा आम्ही खाल्ला, इथून नेलेली कांदा-लसूण चटणी घालून. विष टाकलेल्या बाजूचे ससे मात्र कुणी खात नाही, तिकडं कुत्रंही नेत नाहीत.

संस्थानी शिकारीबद्दल थोडक्यात. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची, आफ्रिकेतून चित्ते आणले होते, हे मी इतिहास म्हणून लिहिलं. तुमच्याजवळचं दाजीपूरचं रान राजघराण्याचं शिकारीचं राखीव होतं म्हणून तगलं, आणि १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. यातल्या दोन्ही गोष्टी मी मानते. वाक्य गौरवाचं वाटलं असेल तर ते बदलते.

एक राहिलं. घरी माझी काकवी आहे, सव्वा वर्षाची पिवळी लॅब्रडॉर. परत आल्यापासून तिला तेच शिकवतेय, फक्त डमीवर. शिट्टीची एक लांब फुंकर म्हणजे जिथं असशील तिथं बस. मागच्या रविवारी पन्हाळ्याच्या बाजूला माळावर तिच्या पायाजवळून ससा उठला. ती दोन ढांगा गेली. मी शिट्टी फुंकली. बसली. सगळं अंग थरथरत होतं, पण बसली. ससा करवंदाच्या जाळीत शिरेपर्यंत ती फक्त बघत राहिली. गावातल्या ज्या पोरांची तुम्हाला काळजी वाटते, त्यांच्या कुत्र्यांना एवढं एक शिकवायला मी कुठल्याही रविवारी यायला तयार आहे. राधानगरीलाही येईन, काका, कळवा फक्त.