मामांचे भाचे फार झाले

रजनीकांतच्या चाहत्यांचा मला हेवा वाटतो. थिएटरबाहेर भलंमोठं कटआउट उभारायचं, त्याला दुधाने न्हाऊ घालायचं, भल्या पहाटेच्या खेळाला फटाके फोडायचे. भक्ती कशी चारचौघांत उठून दिसते! माझी पंचाईत अशी की मी अशोक सराफांचा चाहता. त्यांना अख्खा महाराष्ट्र मामा म्हणतो, आणि मामाला कुणी दुधाचा अभिषेक करत नाही. मामाकडे जायचं ते शिकरण-पोळी खायला.

त्यातून चाहते सगळेच. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा छंद विचारल्यावर मी ताठ बसून सांगितलं, "मी अशोक सराफांचा चाहता आहे." भावी सासरे म्हणाले, "ते झालं हो. पण छंद काय?"

तेव्हापासून मी जरा वेगळा, अभ्यासू चाहता व्हायचा प्रयत्न करतोय. 'चौकट राजा'मधला गणा काढतो, 'एक डाव भुताचा'मधलं भूत काढतो. कुणाला ऐकायचंच नसतं. सगळ्यांना हवा असतो तो १९८५ सालच्या 'धूमधडाका'मधला ठसका. कुठल्याही लग्नात जेवणं आटोपली की कुणाचे तरी काका उठतात आणि यदुनाथ जवळकर होऊन ठसकतात. मंडळी लोटपोट, मी मात्र कासावीस. अहो, मूळचा ठसका पाइपचा आहे, तुमचा शेंगदाणा अडकल्याचा! हे एकदा बोलून दाखवलं, तर काकांनी पुन्हा करून दाखवलं. तिकडून मावशी पाणी घेऊन धावल्या.

'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की आमच्याकडे दिवाणखाना भरतो. सिनेमा १९८८ चा, पण प्रत्येकाला तोंडपाठ. मामांनी तोंड उघडायच्या आधी आत्या वाक्य संपवते, आणि हशा त्याच्याही आधी होतो. धनंजय मान्यांचा आवाज मी कित्येक वर्षांत धड ऐकलेला नाही. नाइलाजाने मी त्यांचा चेहरा बघायला लागलो आणि घबाड सापडलं. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन धुमाकूळ घालत असतात तेव्हा कोपऱ्यात उभ्या या माणसाकडे बघा. ही थाप आता कशी निभवायची, याचा सगळा हिशेब त्या डोळ्यांत चाललेला असतो. स्वतःच्या विनोदावर मामा हसत नाहीत, ते काळजीत पडतात. हे मी एकदा मोठ्याने सांगितलं. आत्या म्हणाली, "सरक, दिसत नाहीये."

बाहेर तर आणखी छळ. शेजारचे गुप्ताजी विचारतात, "वो 'हम पाँच' वाले?" भाचा म्हणतो, "'सिंघम'मधले हवालदार ना?" बरं, दोघांचंही खरं आहे, त्यामुळे भांडताही येत नाही.

मामांनी नाटकं करता करता स्टेट बँकेत नोकरी केली. मीही बँकेत आहे, सहकारी का होईना. नाटकाच्या तिकिटासाठी लवकर निघायचं होतं तेव्हा साहेबांना हा दाखला दिला. साहेबांनी चष्मा काढला. "त्यांनी नोकरी सोडली. तुम्ही सोडताय?" मी परत काउंटरवर जाऊन बसलो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या २५ जानेवारीला रात्री बातमी आली: मामांना पद्मश्री! सकाळी दुकान उघडताच दोन किलो पेढे घेतले. म्हटलं, आज तरी चाहता म्हणून काही करून दाखवू. सोसायटीत खाली सगळे जमलेलेच होते. मी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत गेलो, जो तो "तुम्हालाही" म्हणत गेला. तिरंगा वर गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सेक्रेटरींनी माझ्या देशप्रेमाचं माइकवरून कौतुक केलं, टाळ्या झाल्या, आणि पंधरा ऑगस्टच्या पेढ्यांचं माझ्याकडेच लागलं.