गाडी माझी, हप्ते माझे, मग परवानगी कंपनीची का?

परत तोच प्रश्न. लग्न असो, बारसं असो, खेडच्या पंपावर भेटलेला शाळेतला मित्र असो, "अरे तू सॉफ्टवेअरवाला ना, मग अजून ती डबडी ऑल्टो कशाला फिरवतोस, एवढा कमावतोस तर एखादी मोठी स्क्रीनवाली घे की." वैताग आलाय आता. अरे बाबांनो, मी सॉफ्टवेअरवाला आहे म्हणूनच ती गाडी ठेवलीय! विंडोज ९५ च्या काळापासून कोड लिहितोय, सी झालं, सी प्लस प्लस झालं, जावा झालं, मधली काही वर्षं तर मशीनच्या पोटात बसणारा कोड लिहिला, आणि हा कोड कुठल्या घाईत लिहितात, तारीख जवळ आली की पहिली कात्री टेस्टिंगलाच कशी लागते, "हे पुढच्या अपडेटमध्ये बघू" म्हणून काय काय तसंच बाहेर पाठवतात, हे सगळं मी आत बसून बघितलंय. त्यामुळे गाडीत सॉफ्टवेअर किती असावं आणि कुठे असावं याबद्दल मला मत आहे आणि ते मी बोलणार.

गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या नव्या गाडीतून पुण्याहून दापोलीला येत होतो, ताम्हिणीतून. जुलैतला ताम्हिणी ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, पाऊस आडवा, आणि त्यात गाडीतली चार माणसं ओली, म्हणजे आतून काचेवर वाफ धरणारच. धरली. माझ्या ऑल्टोत काय करतो, डावा हात खाली जातो, गोल बटण फिरतं, हवा काचेवर, एसी चालू, काच साफ, नजर रस्त्यावरून हललीसुद्धा नाही. त्या गाडीत बटणच नाही! आधी स्क्रीनवरचा मॅप बाजूला सारा, मग खालचं पंख्याचं चित्र शोधा, मग दुसरं पान उघडा, त्यात काचेचं चित्र, बोट ओलं म्हणून टच लागत नाही, आणि तेवढ्यात मध्येच चौकोन उघडतो की नवीन अटी मान्य करा. घाटात! वळणावर! समोरून एसटी येतेय आणि माझा भाचा स्क्रीनकडे बघतोय. मी खिशातला रुमाल काढून काच पुसली तेव्हा त्याला समोरचं दिसलं. अठरा लाखाच्या गाडीत रुमालाने काच पुसायची वेळ येते याचा मला इतका संताप आलाय की अजून जात नाही.

भाचा म्हणतो मामा, सवय होईल. नाही होणार रे. होऊच शकत नाही, कारण बटण हाताला कळतं आणि काचेवरचं चित्र हाताला कळत नाही, ते बघावंच लागतं. हे माझं म्हातारपणाचं रडगाणं नाहीये, हे मोजलेलं आहे. स्वीडनमधल्या वी बिलेगारे नावाच्या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये विमानाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने गाड्या चालवून बघितल्या, आणि रेडिओ बदल, सीटचं हीटर लाव अशी साधी चार कामं करायला किती वेळ लागतो ते लावलं. २००५ सालच्या जुन्या बटणवाल्या व्होल्वोला लागले १० सेकंद, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट निघालेल्या नव्या स्क्रीनवाल्या गाडीला ४४.९ सेकंद, म्हणजे १३७२ मीटर. जवळपास दीड किलोमीटर! युरोपातल्या सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने शेवटी सांगितलं की २०२६ पासून पूर्ण पाच स्टार पाहिजेत तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना खरीखुरी बटणं द्या. फोक्सवॅगनसारख्या कंपन्या पण बटणं परत आणू म्हणायला लागल्यात. म्हणजे तिकडे शहाणपण येतंय, आणि आपल्याकडे शोरूमवाला अजून "सर, साडेबारा इंचाची स्क्रीन आहे" म्हणून छाती फुगवतोय. मला घाटात सिनेमा बघायचा नाहीये.

आणि त्या नव्या गाडीची ती पीं पीं! आमच्या वाडीत यायचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला जांभ्याचे गडगे, मधून एक गाडी जेमतेम जाते. पुढे गडगा म्हणून ओरडते, बाजूला गडगा म्हणून ओरडते, शेजाऱ्याची म्हैस आडवी आली की सगळीकडून ओरडते. लेन पाळणारं सिस्टीम तर अजून भारी, जिथे पांढरा पट्टा कधी मारलाच नाही त्या रस्त्यावर डांबराची कड धरते आणि खड्डा चुकवायला मी स्टेअरिंग वळवलं की ते उलटं ओढतं. बंद करता येतं ना, करतो की, पण गाडी परत चालू केली की ते पण परत चालू! रोज. मी एकदा नाही म्हटलं ना, मग ते लक्षात ठेवायला काय जातं? एक सेटिंग साठवून ठेवायची आहे, दुसरं काही नाही. हे करायला दोन ओळींचा कोड लागतो हो, मला सांगू नका की जमत नाही. कुणीतरी मुद्दाम ठरवलंय की चालवणाऱ्याचं नाही हे नाही धरायचंच नाही.

आता ॲप. शेजारच्या दादांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, चांगली पळते, पेट्रोलचा खर्च वाचला, मला इलेक्ट्रिकबद्दल काही राग नाही, उलट मोटार इंजिनापेक्षा किती तरी साधी असते. पण एक दिवस स्कूटर लॉक झाली ती झालीच. ॲप म्हणतं लॉगिन करा, लॉगिनला ओटीपी, आणि केळशीकडे उताराला एक वळण घेतलं की रेंज जाते हे पोरासोरांना पण माहीत आहे. दादा भर उन्हात मोबाईल वर धरून कातळावर फिरतायत, स्कूटर धडधाकट, बॅटरी भरलेली, चाकं शाबूत, आणि चालू होत नाही कारण कुठल्या तरी शहरातल्या सर्व्हरला विचारायचं राहिलंय! शेवटी टेम्पोत घालून आणली. आमच्या नाक्यावरचा गॅरेजवाला, ज्याने आख्ख्या पंचक्रोशीच्या गाड्या पान्यावर चालू ठेवल्यात, तो नुसता बघत राहिला. म्हणाला, "भाऊ, कंपनीने आतलं सगळं लॉक करून ठेवलंन, मी हात कुठे घालू?" त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. तीस वर्षांची त्याची विद्या एका पासवर्डने बाद केली.

आणि आम्ही कोकणात राहतो हे कोणी लक्षात घेणार आहे की नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावांत किती दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद, फोन म्हणजे नुसता खोका. त्या दिवसांत चावी फिरवून चालू होणाऱ्या गाड्यांनीच माणसं दवाखान्यात पोचवली, पाणी आणलं, पत्रे आणले. ज्याने हे बघितलंय त्याला "गाडी क्लाऊडला जोडलेली आहे" हे ऐकून आनंद होत नाही, धडकी भरते.

लोक म्हणतात सॉफ्टवेअर काय बिघडत नाही. अरे, मी आयुष्यभर त्याचे बिघाडच दुरुस्त करत आलोय! २०१५ मध्ये अमेरिकेत दोन सिक्युरिटीवाल्यांनी घरी बसून, इंटरनेटवरून, रस्त्यावर धावणाऱ्या जीपचा ॲक्सिलरेटर निकामी करून दाखवला, चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. टोयोटाच्या २०१३ च्या ओक्लाहोमातल्या खटल्यात तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं की ॲक्सिलरेटर सांभाळणाऱ्या कोडमध्ये दहा हजारांवर ग्लोबल व्हेरिएबल्स आहेत, म्हणजे कोडच्या कुठल्याही भागातून बदलता येतील असे आकडे. ज्याला हे कळत नाही त्याने कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारावं, तो डोक्याला हात लावेल, कारण एवढ्या ठिकाणाहून कोणीही काहीही बदलू शकतं आणि मग कुठे काय बिघडलं हे शोधणं माणसाच्या हातात राहत नाही. आणि टेस्ला, ज्याचं नाव घेतलं की आमच्या ऑफिसातली पोरं हात जोडतात, त्यांच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये आठ जीबीची मेमरी चिप होती, तिच्यावर लिहून लिहून ती झिजली आणि स्क्रीनच मेली. स्क्रीन मेली म्हणजे मागचा कॅमेरा गेला आणि काचेवरची वाफ घालवायचं कंट्रोल पण गेलं. २०२१ मध्ये १ लाख ३५ हजाराच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. फ्लॅश मेमरी लिहून झिजते हे पहिल्या वर्षी शिकवतात! ताम्हिणीत जर हे झालं असतं तर कुठला रुमाल पुरला असता?

बरं पैसे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायला महिन्याचं भाडं लावलं होतं. हीटर सीटमध्ये बसवलेलाच आहे, वायर आहे, बटण आहे, फक्त सॉफ्टवेअरने अडवून ठेवलाय. लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा पुढच्या वर्षी मागे घेतलं. पण डोक्यातली कल्पना गेली का? नाही गेली, सगळीकडे तेच चाललंय, पहिलं वर्ष फुकट आणि मग भरा. आणि वर आपलीच माहिती पण त्यांनाच, मोझिलाने २०२३ ला पंचवीस कंपन्यांच्या गाड्या प्रायव्हसीच्या बाबतीत तपासल्या, पंचवीसच्या पंचवीस नापास. मी हर्णैला मासळी आणायला कधी जातो हे कुठल्या सर्व्हरला कशाला कळायला पाहिजे?

कम्प्युटरचंही तेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे म्हणून चांगले चालणारे लॅपटॉप लोक भंगारात द्यायला निघाले. मी माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं, मस्त चालतंय, त्यावर पण टोमणे. माझा लॅपटॉप आहे, मी ठरवीन.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की तू नव्याच्या विरोधात आहेस. अजिबात नाही! जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस पाहिजे, एअरबॅग पाहिजे, फ्युएल इंजेक्शन कार्बोरेटरपेक्षा शंभर पटीने चांगलं, पावसाळ्यात किक मारून मारून पाय तुटायचा ते दिवस मला परत नकोत. पण एबीएस माझा फोन नंबर मागत नाही, अटी मान्य करा म्हणत नाही, रात्रीत अपडेट होऊन सकाळी ब्रेकची जागा बदलत नाही. त्यातही सॉफ्टवेअरच आहे की, उत्तम आहे, नेमून दिलेलं एक काम करतं आणि गप्प बसतं. ज्यांना मोठी स्क्रीन पाहिजे त्यांनी खुशाल घ्यावी, माझ्या भाच्याला आवडते, त्याचे पैसे आहेत. पण मला नको तर ती नसलेली गाडी बाजारात सहज का मिळत नाही? काही गाड्यांत वरचं मॉडेल घेतलं तरच सहा एअरबॅग, आणि वरचं मॉडेल म्हणजे स्क्रीन, सनरूफ, ॲप सगळं गळ्यात. सनरूफ! कोकणात! चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने ऊन, ते उघडायचं कधी?

ऑल्टोचा पत्रा खाली गंजत चाललाय, समुद्राची खारी हवा काही सोडत नाही, तेव्हा वर्षा-दोन वर्षांत दुसरी गाडी घ्यावीच लागणार आहे आणि म्हणून हा सगळा ताप. परवा चिपळूणला शोरूममध्ये जाऊन स्पष्ट सांगितलं की मला एसीला गोल बटणं पाहिजेत, दाभोळच्या फेरीबोटीवर गाडी चढवल्यावर कचकन ओढता येईल असा हाताने ओढायचा हँडब्रेक पाहिजे, लोखंडाची चावी पाहिजे, सहा एअरबॅग पाहिजेत आणि नेटचं सिमकार्ड नको. तो पोरगा आत जाऊन साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, सर, असं कॉम्बिनेशन येत नाही. कोणाला येत असलेलं माहीत असेल तर मॉडेलचं नाव सांगा, नवीन नसेल तर सेकंडहँड पण चालेल, रंग कुठलाही असू दे.